निदानरेषा

कबड्डीच्या मैदानात मध्यरेषेला समांतर अशी एक रेषा आखलेली असते. तिला निदानरेषा म्हणतात. चढाईला गेलेल्या खेळाडूने प्रतिपक्षाच्या अंगणात शिरल्यावर निदान एवढे तरी आत गेलेच पाहिजे, असा तिचा अर्थ. कुणाला न शिवता आणि ती रेषा न ओलांडता तो माघारी फिरला, तर बाद. मुलींच्या मैदानात ही रेषा मध्यरेषेपासून तीन मीटरवर असते. दोन लांब ढांगांचे अंतर, पण तेवढे तरी आत जावेच लागते.

‘निदान’ या शब्दाचा दुसरा अर्थ आपल्याला दवाखान्यात भेटतो. रोग ओळखणे म्हणजे निदान. हे दोन अर्थ एका शब्दात कसे नांदतात, याचा विचार मी कधी केला नव्हता. माझ्या भाचीच्या गुडघ्याने तो करायला लावला.

गोष्ट २०२२ सालच्या डिसेंबरातली. बहीण सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहते. तिची धाकटी मुलगी तेव्हा सतरा वर्षांची, कॉलेजच्या संघात उजव्या कोपऱ्याला खेळणारी आणि वेळ पडली तर चढाईलाही जाणारी. एका सामन्यात चढाईहून परतताना तिने एकदम दिशा बदलली. पाय मॅटवर रोवलेला राहिला आणि अंग वळले. तिला कुणी पकडले नव्हते, कुणी ढकललेही नव्हते. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज झाल्याचे तिने स्वतः ऐकले. दोन तासांत गुडघा नारळाएवढा सुजला.

गावातल्या दवाखान्यात फोटो काढला. फोटो म्हणजे अर्थात क्ष-किरणांचा. हाड शाबूत होते. ‘मुका मार आहे, आठ दिवस पट्टी बांधा, विश्रांती घ्या,’ असे सांगितले गेले. रात्री बहिणीचा फोन आला. “दादा, फोटोत काही नाही म्हणतात. पण पोरीला जिना उतरताना पायाचा भरवसा वाटत नाही गं बाई.” मी शहाण्यासारखे उत्तर दिले, “फोटोत काही नाही ना? मग काळजी सोड.” ते वाक्य आजही मला बोचते.

सूज उतरली. मध्ये एका हाडवैद्याकडून तेल चोळून झाले. तीन आठवड्यांनी ती पुन्हा मैदानात उतरली, कारण जिल्ह्याच्या निवड चाचण्या होत्या. शहरातल्या वाचकाला हा हट्ट वाटेल. पण आपल्याकडे सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, आणि ग्रामीण भागातल्या कित्येक मुलींच्या लेखी कबड्डीचे प्रमाणपत्र ही पोलीस भरतीकडे जाणारी पायवाट असते. ती पायवाट एका पट्टीसाठी कोण सोडील? चाचणीच्या दुसऱ्याच चढाईत गुडघा पुन्हा निसटला. या वेळी तो अडकलाच. पाय सरळ होईना.

मग तिला मिरजेला नेले. मीही पुण्याहून गेलो.

तिथल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी आधी कागद पाहिले नाहीत. त्यांनी मुलीला विचारले, “पडलीस तेव्हा कुणाचा धक्का लागला होता का? आवाज आला होता का? सूज किती वेळात आली? नंतर चालताना गुडघा दगा देतो का?” चार प्रश्नांची चार उत्तरे मिळाली. मग त्यांनी तिला टेबलावर निजवले. आधी चांगला गुडघा तपासला, नंतर दुखरा. गुडघा थोडासा, वीस-तीस अंशांत वाकवून एका हाताने मांडी पक्की धरली आणि दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढली. चांगल्या पायाची नडगी किंचित सरकून खट्कन थांबली. जणू दोरीचा ताण लागला. दुखऱ्या पायाची नडगी पुढे आली आणि येतच राहिली. मी टेबलाच्या पायथ्याशी उभा होतो. मला, ज्याने वैद्यकाचे एक पुस्तक उघडलेले नाही त्यालाही, तो फरक डोळ्यांनी दिसला.

“पुढचा लिगामेंट गेलाय,” डॉक्टर म्हणाले. “गादीही फाटून मध्ये अडकली असावी. एमआरआय करून घेऊ.”

या तपासणीला लॅकमन चाचणी म्हणतात. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातले जॉन लॅकमन ती आपल्या विद्यार्थ्यांना शिकवीत असत. त्यांचे सहकारी जोसेफ टॉर्ग यांनी १९७६ साली ती लिहून प्रसिद्ध केली. त्याच्याही शंभर वर्षे आधी, १८७५ मध्ये, जॉर्जेस नूलिस या ग्रीक डॉक्टराने पॅरिसमधल्या आपल्या प्रबंधात जवळजवळ हीच युक्ती नोंदवून ठेवली होती. म्हणजे क्ष-किरणांचा शोध लागण्यापूर्वी वीस वर्षे. तिला वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, पैसेही लागत नाहीत. लागतात ते फक्त शिकलेले हात आणि दोन मिनिटे.

ही दोरी असते तरी कुठे? मांडीचे हाड आणि नडगी एकमेकांवर नुसती टेकलेली असतात. खांद्यासारखी किंवा खुब्यासारखी खोलगट खोबण गुडघ्याला नाही. त्यामुळे त्याची सगळी भिस्त बंधनांवर. दोन्ही बाजूंना एकेक पट्टा आणि सांध्याच्या पोटात फुलीसारखे एकमेकांना छेदून जाणारे दोन. त्या फुलीतला पुढचा बंध साधारण तीन सेंटिमीटर लांबीचा. नडगीला पुढे घसरू न देणे आणि गुडघ्याला नको तितके पिळू न देणे, ही त्याची दोन कामे. धावताना एकदम थांबणे, पाय रोवून वळणे, उडीनंतर सरळ पायावर उतरणे, यांत तो तुटतो. म्हणूनच बहुतेक वेळा समोरच्याचा धक्काही लागत नाही. फुटबॉल-बास्केटबॉलसारख्या खेळांत मुलांच्या तुलनेत मुलींचा हा बंध दुपटी-तिपटीने अधिक तुटतो, असे दिसून आले आहे. आणि एकदा पूर्ण तुटला की तो सहसा आपणहून नीट सांधला जात नाही.

क्ष-किरणांच्या फोटोत हे का दिसले नाही? कारण तो फोटो हाडांचा असतो. विल्हेल्म राँटगेन यांना हे किरण सापडले १८९५ मध्ये. योगायोग असा, की त्याच साली इंग्लंडमध्ये लीड्स येथे मेयो रॉबसन या शल्यविशारदाने एका खाणकामगाराच्या गुडघ्यातले दोन्ही फुलीबंध शिवले. त्याने निदान केले ते हातांनी आणि प्रश्नांनी. क्ष-किरण आले आणि हाडांचे जग उजळले. बंध मात्र अंधारातच राहिले. क्वचित ते हाडावर आपली खूण सोडतात. नडगीच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या कडेला, तांदळाच्या कणीसारखा हाडाचा एक कपचा निघालेला असतो. पॉल सेगाँ या फ्रेंच शल्यविशारदाने १८७९ साली मृत शरीरांवरील प्रयोगांतून तो वर्णिला. ही कणी दिसली की आतला पुढचा बंध तुटला असण्याची शक्यता फार मोठी. पण बहुतेकांच्या फोटोत ती नसते. आणि नसली म्हणजे सगळे ठीक, असे मुळीच नाही. ‘फोटोत काही नाही’ याचा खरा अर्थ ‘हाडांत काही नाही’ एवढाच. माझी चूक झाली ती इथे.

दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. आत जाताना भाचीच्या पायातले पैंजण, कानांतले डूल, केसांतल्या पिना काढून घेतल्या. बहीण कुरकुरली. मी तिला मुंबईतली २०१८ सालच्या जानेवारीतली घटना सांगितली. एका रुग्णाचा तरुण नातेवाईक प्राणवायूचे नळकांडे घेऊन या यंत्राच्या खोलीत गेला, चुंबकाने नळकांड्यासह त्याला ओढून घेतले आणि त्यात त्याचा प्राण गेला. हे चुंबक रात्रंदिवस चालू असते. तपासणी संपली म्हणून ते बंद होत नाही.

त्याची ताकद तरी किती? सर्वसाधारण यंत्र दीड टेस्लाचे असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींच्या आसपास. त्यासाठी विशिष्ट धातूच्या तारेचे वेटोळे द्रवरूप हेलियममध्ये, शून्याखाली २६९ अंशांवर, बुडवून ठेवावे लागते. आपल्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी, आणि पाण्यात हायड्रोजन. त्याचे अणुकेंद्रक म्हणजे एक चिमुकली चुंबकसुईच. एरवी या सुया वाटेल त्या दिशेला तोंड करून असतात. यंत्रात शिरल्यावर त्यांचा कल चुंबकाच्या दिशेला होतो. मग रेडिओलहरी सोडून त्यांना डिवचले जाते. या लहरी साधारण ६४ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे आपल्या एफएम वाहिन्यांच्या थोड्या खालच्या पट्टीतल्या. डिवचलेल्या सुया पूर्वस्थितीला येताना स्वतः क्षीण लहरी सोडतात. यंत्र त्या ऐकते आणि त्यांवरून चित्र रचते. रुग्णाच्या कानांवर आदळणारी ती भयंकर ठकठक त्याच कामातली.

हे चित्र रचण्याची रीत पॉल लाउटरबर यांनी १९७३ मध्ये मांडली, तेव्हा त्यांनी पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचे चित्र काढले होते. १९७७ मध्ये रेमंड दमादियन यांच्या गटाने माणसाच्या छातीचे चित्र घेतले. त्या एका चित्राला जवळजवळ पाच तास लागले. २००३ चे नोबेल लाउटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना मिळाले, दमादियन वगळले गेले, आणि त्यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन आपला निषेध नोंदवला. आज गुडघ्याची संपूर्ण तपासणी अर्ध्या तासात आटोपते.

डॉक्टरांनी मला पडद्यावर ती चित्रे दाखवली. पाव भाकरीसारखा कापावा तसा गुडघा तीन-चार मिलिमीटरच्या कापांत मांडलेला. एकदा उभा, एकदा समोरून, एकदा आडवा. पाणी पांढरे दिसते. धडधाकट बंध मात्र काळा दिसतो, कारण त्याच्या घट्ट विणीत मोकळे पाणी फारसे नसते. दुसऱ्या कुणाच्या निरोगी गुडघ्यात त्यांनी मला तो ताणलेला काळा पट्टा दाखवला. मांडीच्या हाडापासून नडगीपर्यंत तिरका उतरणारा. मग भाचीचा गुडघा. तिथे पट्टा अर्ध्यावर संपला होता. पुढे नुसता करडा-पांढरा गोळा, भिजलेल्या दोरीच्या पिंजलेल्या टोकासारखा. मांडीच्या हाडाच्या बाहेरच्या भागात आणि नडगीच्या मागच्या बाहेरच्या कडेत दोन पांढुरके डाग होते. “हा हाडांना बसलेला मार,” डॉक्टर म्हणाले. “बंध तुटला त्या क्षणी नडगी पुढे निसटली आणि ही दोन हाडे एकमेकांवर इथे आपटली.” ज्या निसटण्याला साक्षीदार नव्हता, त्याचा पंचनामा हाडांनी लिहून ठेवला होता. आणि आतल्या बाजूची गादी उभी चिरून, बादलीच्या कडीसारखी उलटून सांध्याच्या मध्ये येऊन बसली होती. गुडघा अडकला तो तिच्यामुळे.

मी विचारले, “ही गादी पहिल्या दिवशीच फाटली असेल का?”

ते सावधपणे म्हणाले, “सांगता येणार नाही. पण बंध नसताना गुडघा जितक्या वेळा निसटतो, तितक्या वेळा गादी चिरडते. पुन्हा खेळायला उतरली नसती तर कदाचित वाचली असती.”

बहीण काही बोलली नाही. मीही नाही.

इथवर वाचून कुणाला वाटेल, की गुडघा दुखला की धावत जाऊन एमआरआय काढावा, हा या लेखाचा बोध. तसे नाही. त्यासाठी मला माझ्या स्वतःच्या गुडघ्याची गोष्ट सांगावी लागेल.

पुढच्याच वर्षी माझा उजवा गुडघा दुखू लागला. पडलो नव्हतो, सुजला नव्हता. भाचीच्या अनुभवाने पोळलेला मी थेट तपासणी केंद्रात गेलो आणि काही हजार रुपये मोजून चित्रे काढून घेतली. अहवाल दीड पानांचा आला. आतली गादी मागच्या बाजूला फाटलेली, कूर्चा झिजलेली, पुढचा बंध फुगलेला आणि आतून पांढुरका, ‘अंशतः तुटला असण्याची शक्यता’. एका ठिकाणी ‘दुर्बिणीतून साफ करून घ्या’ असा सल्लाही मिळाला. मी चार रात्री झोपलो नाही. पाचव्या दिवशी मिरजेच्याच डॉक्टरांना गाठले. त्यांनी पुन्हा तेच केले. प्रश्न विचारले, निजवले, नडगी ओढली. ती खट्कन थांबली.

“तुमचा बंध शाबूत आहे, काका,” ते म्हणाले. “वयानुसार त्याच्या तंतूंमध्ये चिकट द्रव साठतो, तो चित्रात पांढरा दिसतो आणि तुटल्याचा भास होतो. गादीचं म्हणाल, तर तुमच्या वयाच्या कितीतरी लोकांची ती फाटलेलीच असते. त्यांना पत्ताही नसतो.”

यावर माझा विश्वास बसेना. नंतर वाचले तेव्हा कळले की ही नुसती समजूत नव्हती. अमेरिकेत मॅसेच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम येथे ५० ते ९० वयाच्या ९९१ माणसांच्या गुडघ्यांची अशी चित्रे काढली गेली. निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या गाद्या फाटलेल्या निघाल्या, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्याभरात गुडघ्याचा कसलाच त्रास झालेला नव्हता. २०१३ मध्ये फिनलंडमधून आणखी एक अभ्यास आला. झिजून फाटलेल्या गादीचे १४६ रुग्ण. निम्म्यांची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली, निम्म्यांच्या बाबतीत नुसता तिचा देखावा केला. वर्षभराने दोन्ही गटांचे गुडघे सारखेच बरे झाले होते. मला डॉक्टरांनी मांडीचे व्यायाम दिले. सहा महिन्यांत दुखणे इतके उणावले की आता ते असले तरी आठवत नाही.

म्हणजे एका घरात दोन गुडघे. एकात फोटो निर्दोष आणि गुडघा उद्ध्वस्त. दुसऱ्यात अहवाल उद्ध्वस्त आणि गुडघा कामाचा. दोन्ही वेळी खरे सांगितले ते हातांनी.

याचा अर्थ यंत्र खोटे, असेही नाही. पुढचा बंध पूर्ण तुटला असेल तर एमआरआय ते नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखतो. शिवाय गादी, कूर्चा, इतर बंध यांचीही खबर देतो, जी हाताला नेहमी लागत नाही. गुडघा इतका सुजलेला आणि आखडलेला असेल की हात लावू देत नाही, तेव्हा तर तोच आधार. पण अर्धवट तुटलेल्या बंधापुढे तो चाचपडतो. जुन्या इजेत तुटलेले टोक कधी शेजारच्या बंधाला चिकटते आणि चित्रात अखंड पट्टा असल्यासारखे दिसते. शिवाय हे चित्र निजलेल्या, निश्चल गुडघ्याचे असते. तो वळताना दगा देतो की नाही, हे त्यात उमटत नाही.

आणि सर्वांत महत्त्वाचे, तुटलेला बंध दिसला म्हणजे शस्त्रक्रिया ठरली, असेही नाही. स्वीडनमध्ये १८ ते ३५ वयाच्या १२१ जणांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांचे बंध ताजे तुटलेले. ६२ जणांवर लवकर शस्त्रक्रिया केली. ५९ जणांना आधी व्यायामोपचार आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. दोन वर्षांनी दोन्ही गटांचे गुडघे, रुग्णांच्याच सांगण्यावरून, सारखे होते. दुसऱ्या गटातल्या २३ जणांना मधल्या काळात शस्त्रक्रिया लागली, बाकीच्यांचे त्यावाचून निभावले. पाच वर्षांनी हा आकडा ३० झाला, म्हणजे निम्म्यांच्या जवळपास. निर्णय घ्यायचा तो त्या माणसाचा गुडघा, त्याचे वय आणि त्याला आयुष्यात काय करायचे आहे, हे पाहून. माझ्या भाचीची गादी अडकलेली होती आणि तिला कबड्डी खेळायची होती. तिच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

एमआरआयच्या अहवालाच्या शेवटी बहुधा एक वाक्य छापलेले असते. रुग्णाच्या प्रत्यक्ष तपासणीशी हे निष्कर्ष ताडून पाहावेत, अशा अर्थाचे. आपण ते वाचत नाही. मी बँकेत असताना धनादेश भरणाऱ्या ग्राहकाला जी पावती मिळे, तिच्यावर ‘वसुलीच्या अधीन’ असा शेरा असे. तोही कुणी वाचत नसे. लोक पावती म्हणजेच पैसे समजत, आणि धनादेश न वटता परत आला की काउंटरवर भांडायला येत. अहवाल ही पावती आहे. ती वटते डॉक्टरांच्या हातात.

आपल्या तालुक्यातालुक्यांत उद्या चुंबक येणार नाहीत, आणि ते प्रत्येक ठिकाणी यावेत असेही नाही. पण ज्या गावात कबड्डीचे मैदान आहे, तिथल्या दवाखान्यात नडगी ओढून पाहणारे हात असायला काय हरकत आहे? ज्या क्रीडाशिक्षकांच्या हाती आपण मुली सोपवतो, त्यांना एवढे माहीत असायला काय हरकत आहे, की धक्क्यावाचून पडली, आवाज आला, दोन-चार तासांत गुडघा सुजला आणि पुढे तो दगा देऊ लागला, तर फोटो निर्दोष असला तरी ती मुलगी मैदानात उतरता कामा नये? सुजलेला गुडघा पहिल्या दिवशी तपासू देत नसेल, तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा तपासावा. खर्च काही नाही. तेव्हा कुणी हे केले असते, किंवा ‘काळजी सोड’ म्हणण्याऐवजी मी ‘पुन्हा दाखव’ म्हटले असते, तर तिला तो दुसरा निसटता क्षण कदाचित भोगावा लागला नसता.

२०२३ च्या मार्चमध्ये तिची शस्त्रक्रिया झाली. मांडीमागची कंडरा घेऊन नवा बंध ओवला. गादीचा जो तुकडा शिवता येईना तो काढून टाकावा लागला. तो परत येणार नाही. पुढचे अकरा महिने तिने घराच्या पायरीवर चढउतार केली, भिंतीला पाठ लावून बसण्याचा सराव केला, एका पायावर उभे राहून दात घासले. निवड चाचण्यांचे ते वर्ष गेलेच.

२०२४ च्या फेब्रुवारीत ती पुन्हा मॅटवर उतरली. सरावाचा सामना होता, प्रमाणपत्र वगैरे काही मिळणार नव्हते. बहीण आणि मी कडेला खुर्च्या टाकून बसलो होतो. चढाईला गेल्यावर ती मध्यरेषेपासून दोन पावलांवर घुटमळली. बहिणीने माझा हात धरला. मग पोरीने डावा पाय टाकला, आणि तो दुखावलेला उजवा उचलून निदानरेषेच्या पलीकडे ठेवला.